नैनितालला नेलेला माठ

चहा येईस्तोवर माझ्या अकलेचा एक नमुना ऐकून घ्या. नंतर खुशाल हसा, माझी ना नाही.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. मी आदिलाबादजवळच्या तामसीला मास्तर. एकुलती एक लेक लता लग्न होऊन पार नैनितालला गेलेली, जावयाची नोकरी तिथली. डिसेंबरात तिचं पत्र आलं, 'बाबा, इथं तलावावर नुसतं धुकं, थंडीनं बोटं वळत नाहीत.'

आता आपल्या आदिलाबादेत काय होतं? जानेवारीत शेकोटी सोडवत नाही आणि मे महिन्यात जमिनीवर पाय ठेववत नाही. थंडी जितकी कडक, तितकंच ऊन. मग जिथं बोटं वळत नाहीत, तिथला उन्हाळा कसा असेल? पोरगी होरपळून जायची! खरं सांगू? दीड वर्ष तिचं तोंड पाहिलं नव्हतं. माहेरी ये म्हटलं की लिहायची, 'यांना एकटं सोडून कशी येऊ?' तिला घेऊन यायला उन्हाचं आयतं निमित्त सापडलं.

मे महिन्यात निघालो. डोक्याला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा आणि काखेत माठ. तिला घेऊन तिथून निघेपर्यंत चार दिवस तरी लेकीला गार पाणी मिळावं म्हणून.

"आवो, तिथं माठ भेटत नाई काय?" बायको म्हणाली.

"भेटत असंल. पण आपल्या इकडच्यावानी गार पाणी देत असंल काय?"

नागपूरपर्यंत बस, पुढे रेल्वे, सगळीकडे माठ मांडीवर. शेवटच्या बसमध्ये लोक स्वेटर काढून घालू लागले. मला वाटलं, पहाडातली माणसं, सवय असेल. उतरलो तर गारांचा पाऊस. लताच्या दारात पोचलो तेव्हा ती शाल पांघरून उभी आणि तिचा बाप पातळ सदऱ्यात, माठ कवटाळून कुडकुडतोय.

"बाबा, हे काऊन आणलं?"

"तुले ऊन लागंल म्हणून," वाजत्या दातांतून जमेल तसं सांगितलं.

जावई आधी पोट धरून हसला, मग स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला. "मामाजी, उन्हाळ्यात लोक दिल्लीहून इथं गारव्याला येतात."

आठ दिवस तापानं फणफणलो. लता उशाशी बसून. मला तर बरं व्हावंसंच वाटेना. शेवटी ती म्हणाली, "तुमाले एकटं नाई धाडत. मीच घरी पोचवून देते." मनात म्हटलं, जिंकलो.

कसला जिंकतो! तामसीत येऊन तिसऱ्या दिवशी तिलाच ऊन लागलं. डोळे लाल, पोटात पाणी ठरेना. याच उन्हात लहानपणी अनवाणी कैऱ्या पाडत हिंडायची ती. "बाबा, मले आता नाई सोसत जी," म्हणाली. जरा उठून बसली तशी मीच तिला नागपूरला नेऊन गाडीत बसवून आलो.

तेव्हापासून दर एप्रिलात तिला पत्र लिहितो, 'यंदा ऊन फार आहे, येऊ नकोस.' स्वतःच्या हातानं पेटीत टाकतो. आणि मग महिनाभर, आदिलाबादची बस आली की भर उन्हात फाट्यावर जाऊन बघतो, कोण कोण उतरतंय ते.