धोंडूतात्यांचा सोन्याचा दात

आधीच सांगून टाकते, आमच्याकडे इंजेक्शन देतात. बाहेर पाटीवर ‘होलिस्टिक’ लिहिलंय म्हणून लोकांना वाटतं, आत कुणीतरी मंत्र म्हणून दाढ काढणार. मग खुर्चीत बसल्यावर सुई दिसली की माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच त्यांना फसवून वर आणलंय. अहो, होलिस्टिक म्हणजे डॉक्टर दाताबरोबर तुमची बाकीचीही चौकशी करते. शुगर आहे का, झोप लागते का, झोपेत दात खाता का, तंबाखू किती. तंबाखूला सगळे ‘कधीतरी’ म्हणतात, आणि तेव्हाच खिशातून पुडी डोकावत असते.

मी कालिंदी परब. घोडपदेवच्या नाक्यावर पहिल्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे, तिथल्या टेबलामागे मी अडतीस वर्षं बसलेय. आधी डॉक्टर सिल्वेस्टर होते. देवमाणूस. ते गेले, आता त्यांची मुलगी सॅशा बघते. सॅशाने आल्या आल्या धातू बंद केला. दाढेत चांदी भरणं नाही, धातूच्या टोप्या नाहीत, सगळं पांढरं. तेव्हापासून माझ्या टेबलावर प्रश्नांची रांग लागली.

‘ताई, माझ्या दाढेतल्या चांदीत पारा आहे म्हणे. मोबाइलवर आलंय. मी मरणार का?’ मरणार, सगळेच मरणार, पण दाढेमुळे नाही. पारा असतो, खरं आहे. पण जुनी चांदी घट्ट बसली असेल तर उगाच उकरू नका, असं सॅशा स्वतःच सांगते. ‘ताई, पांढरी टोपी चहाने पिवळी होते का?’ ती नाही होत, तुमचे बाकीचे होतात, मग ती एकटीच उठून दिसते. ‘ताई, त्या दाताने खेकड्याची नांगी फोडता येते का?’ फोडायला घरात वरवंटा आहे ना? मग? लोकांना काय विचारावं आणि काय नाही, काही ताळतंत्रच नाही.

पण प्रश्न विचारावेत तर आमच्या धोंडूतात्या आंगण्यांनी. तात्या मूळ कणकवलीकडचे. वीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, मिल बंद पडल्यावर एका गोदामावर वॉचमनकी केली, आता शहात्तराव्या वर्षी चाळीच्या भजनात पखवाज वाजवतात आणि उरलेल्या वेळात आमचं डोकं खातात. त्यांची चाळ दवाखान्याच्या समोरच. आणि अख्ख्या घोडपदेवात त्यांची ओळख एकच, वरच्या डाव्या सुळ्याच्या बाजूचा सोन्याचा दात.

तो दात बसवला मी इथे लागायच्याही आधी, सिल्वेस्टर डॉक्टरांनी. पण त्याची कथा मला तोंडपाठ आहे, कारण तात्या ती दर महिन्याला ऐकवतात. त्यांचे वडील गावाला वारले. आपल्यात माणूस जाताना तोंडात गंगाजल, तुळशीचं पान आणि गुंजभर सोनं घालतात. त्या दिवशी घरात सोन्याचा कणही नव्हता. शेजारी धावाधाव झाली, कुणी दिलं नाही, आणि वडील तसेच गेले. तात्या तेव्हा तिशीतले. त्यांनी चितेसमोर ठरवलं, आपण कुणाच्या भरवशावर राहायचं नाही. मुंबईला परत आले ते बायकोची, म्हणजे सुभद्रावहिनींची, नाकातली सोन्याची फुली घेऊनच दवाखान्यात चढले. फुली वहिनींच्या आईची, चांगली जाडजूड. ती आटवून दातावर टोपी चढवली. ‘आपली सोय आपण करून ठेवलंय,’ तात्या सांगायचे, ‘मी मेलंय काय फक्त तोंड मिटूचा. बाकी तयारी आत आसा.’

नंतर तो दात म्हणजे त्यांचा जीव झाला. फोटो काढताना डावी बाजू पुढे. हसायचं ते उन्हाकडे तोंड करून. डाव्या बाजूने कधी चावायचं नाही, सोनं झिजेल म्हणून. आणि दर रविवारी सकाळी गॅलरीत स्टूल टाकून बसायचं. वहिनी वाटीत चिंचेचा गोळा भिजवून आणून द्यायच्या आणि तात्या बोटाने तो दात घासायचे. समोरच्या खिडकीतून मी अडतीस वर्षं हा सोहळा बघतेय, कारण रविवारी सकाळी आमचा दवाखाना उघडा असतो. दात असा लखलखायचा, की विचारू नका. सिल्वेस्टर डॉक्टर खिडकीत उभे राहून बघायचे आणि वहिनी जिन्यात भेटल्या की हमखास विचारायचे, ‘काय सुभद्राबाई, चिंच आहे ना घरात?’ वहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. मला वाटायचं, डॉक्टरांना चिंचेचं सार आवडत असेल.

तर यंदा गणपती उठले आणि तात्यांचा गाल सुजला. रुमाल बांधून आले. सॅशाने एक्सरे काढला, गोळ्या दिल्या, सूज उतरल्यावर नीट समजावलं. ‘तात्या, टोपीच्या आत दात किडलाय. टोपी काढायची, आतली नस साफ करायची आणि वर पांढरी टोपी बसवायची, झिर्कोनियाची.’

झालं! सुरू. झिर्कोनिया म्हणजे काय, तो धातूच ना? सॅशा म्हणाली, ‘धातूपासून बनतं तात्या, पण कपबशीच्या जातीचं.’ मग कपबशीसारखा फुटतो काय? सहसा नाही. पखवाज वाजवताना तोंडातून उडाला तर? उडत नाही. कुठल्या जनावराच्या हाडाचा तर नाही? नाही. सोमवारी चालतो? मी म्हटलं, ‘तात्या, दात आहे तो, मटण नाही.’ आणि मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. खुर्चीत जरा सरकून, हळू आवाजात.

‘बाय, तुमचा ह्या धातू बंद म्हंजे कायमचाच? उद्या मी मेल्यावर तोंडात सोनां घातलेलां तुका चलात काय?’

तुम्हाला हसू येईल, मलाही आलं. पण त्या माणसाच्या कपाळावर घाम होता. त्यांची खरीच समजूत झाली होती, की एकदा ह्या दवाखान्याचा पांढरा दात घेतला की तोंडाला सोन्याची कायमची बंदी. सॅशाने ओठ दाबून धरले. म्हणाली, ‘तात्या, मेल्यावर मी तपासायला येत नाही.’

तरी ते तीन वेळा खुर्चीतून उठून गेले. महिनाभर पेज पीत राहिले. बांगडा समोर असताना पेज पिणारा मालवणी माणूस मी पहिल्यांदा बघितला. वहिनी रोज सांगायच्या, ‘काढून टाका हो ता एकदाचा,’ तर त्यांच्यावरच ओरडायचे, ‘तुका काय, मराचा माका हा!’ शेवटी दुखणं कानापर्यंत गेलं तेव्हा तयार झाले. अट एकच, टोपी निघाल्या निघाल्या त्यांच्या हातात द्यायची.

सॅशाने टोपी काढली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. मी बाजूला उभी होते. आतल्या बाजूला हिरवट डाग. असला हिरवा रंग माझ्या देवघरातल्या समईला येतो, महिनाभर घासली नाही की. मी सॅशाकडे बघितलं, सॅशाने माझ्याकडे बघितलं. तात्यांनी टोपी काडेपेटीत घातली, काडेपेटी बंडीच्या खिशात, वरून हात. निम्मा गाल बधिर असताना हसत गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, बाकावर सात पेशंट बसलेले, तात्या जिना चढून आले आणि काडेपेटी माझ्या टेबलावर आपटली. ती घेऊन ते लालबागला सोनाराकडे गेले होते. सोनाराने टोपी दगडावर घासली आणि परत केली. तांबं जास्त, बाकी कायबाय, वर रंग सोन्याचा.

‘बाय गो,’ ते सॅशावर कडाडले, ‘तुझ्या बापाशीन माझां सोनां खाल्ल्यान!’

सॅशाचा चेहरा पांढराफटक पडला. बापाला जाऊन चारच वर्षं झालीत तिच्या. आणि माझं म्हणाल, तर माझं डोकंच फिरलं. मी अशी उठले, की खुर्ची मागे पडली. म्हटलं, ‘तात्या, जीभ सांभाळा! ह्या माणसाने अर्ध्या घोडपदेवचे दात फुकट काढलेत. तुमची गुंजभर फुली खाऊन त्यांचं काय पोट भरणार होतं?’ ते ओरडत होते, मी ओरडत होते, आणि बाकावरचे सातही जण स्वतःची दाढदुखी विसरून बघत होते.

मग तात्या एकदम खालीच बसले. बाकावर नाही, लादीवर. ‘बाबा माझो तसोच गेलो,’ म्हणाले, ‘आता मी पण तसोच जातलंय. चाळीस वर्षां मी पितळ मिरवलंय, कालिंदी.’ आणि रडायला लागले हो. शहात्तर वर्षांचा माणूस, पुढचा दात नाही, लहान पोरासारखा हमसून हमसून. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. गुडघ्यांमुळे सुभद्रावहिनी अशाच चढतात. वर आल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या, दम खाल्ला. खाली बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं, टेबलावरच्या काडेपेटीकडे बघितलं आणि म्हणाल्या,

‘अहो, सोन्याक कोण कधी चिंच लावता काय?’

मी कपाळावर हात मारला. अडतीस वर्षं! अडतीस वर्षं मी दर रविवारी बघतेय, घरी स्वतः चिंचेने समई घासतेय, आणि माझ्या टाळक्यात कधी आलं नाही. सोनं कशाला काळं पडतंय? चिंच लागते ती तांब्यापितळेला.

वहिनींनी पदराची गाठ सोडली. आत कापसाचा बोळा, आणि बोळ्यात फुली. जुन्या घडणीची, जाडजूड, पिवळीधमक.

‘डॉक्टरांची काय चूक नाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही फुली देऊन खाली उतरलात, आणि मी मागच्या मागे वर चढले. म्हटलं, डॉक्टर, माझ्या आयेची एकच वस्तू माझ्याकडे आहे. ह्यांचं काय, दात पडला, झोपेत गिळला, की फुलीपण गेली आणि सोयपण गेली. डॉक्टर म्हणाले, सुभद्राबाई, दाताला सोनं काय आणि पितळ काय, दोन्ही सारखंच. फुली त्यांनी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, दर आठवड्याला चिंच मात्र लावायला सांगा.’

सॅशा एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. मला खिडकीत उभे राहिलेले सिल्वेस्टर डॉक्टर आठवले. चिंच आहे ना घरात! ह्या माणसाने मरेपर्यंत मला एका शब्दाने सांगितलं नाही. मी त्यांच्या टेबलावर बसत होते की कुठे?

‘घालतलंय ना तुमच्या तोंडात,’ वहिनी तात्यांना म्हणाल्या. ‘तेच्यासाठीच ठेवलंय. तुमी उगाच घाबरतास.’

तात्या फुलीकडे बघत होते. मला वाटलं, आता त्यांचा जीव भांड्यात पडेल. पण त्यांनी मान वर केली ती वहिनींच्या नाकाकडे. नाकात, भोक बुजू नये म्हणून, निंबाची काडी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून तीच काडी. फुली नाकात घातली असती तर तात्यांना कळलं असतं, म्हणून ती बाई स्वतःच्या आईची फुली असून चाळीस वर्षं काडी घालून फिरली. आणि तात्या समोर उन्हाकडे तोंड करून हसत होते.

‘गो,’ तात्या म्हणाले. आवाज अगदी बारीक झालेला. ‘आनि तू आधी गेलंस तर? तुझ्या तोंडात काय?’

अख्ख्या आयुष्यात एवढे प्रश्न विचारले ह्या माणसाने, पण हा पहिल्यांदा. वहिनी फुली कापसात परत गुंडाळायला लागल्या, तर तात्यांनी त्यांचा हात धरला. चारचौघांत. चाळीतली माणसं अशी हात धरत नाहीत.

‘गुंडाळू नको,’ म्हणाले. ‘नाकात घाल. आत्ताच्या आत्ता घाल. मराचा तेव्हा बघूया.’

दवाखान्यात आरसा आहेच, दात बघायचा. सॅशाने तो वहिनींच्या समोर धरला. मी काडी काढली, फुली घातली. भोक जरा आक्रसलं होतं, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण फुली बसली. बाकावरच्या एका बाईने तिथल्या तिथे बोटं मोडून दृष्ट काढली.

मग तात्या स्वतःच उठून खुर्चीत जाऊन बसले. सॅशाने विचारलं, ‘तात्या, सुरू करू? काही विचारायचंय?’

‘एकच. ह्यो पांढरो दात किती वर्षां टिकता?’

‘नीट सांभाळलात तर पंधरा वर्षं. जास्तसुद्धा. आणि चिंच बंद, तिने बाजूचे दात आंबवलेत.’

तात्यांनी दाराकडे बघितलं. वहिनी बाकावर बसल्या होत्या, नाकाला सारखा हात लावून बघत होत्या. ‘आयकलंस?’ तात्या तिथूनच ओरडले. ‘पंधरा वर्षां. तोपर्यंत तू खय जायचां नाय.’

‘तुम्ही आधी तोंड उघडा,’ वहिनी म्हणाल्या.

तात्यांनी तोंड उघडलं. तासभर काम चाललं आणि तेवढा वेळ त्यांचे डोळे दाराकडेच होते. उठल्यावर चूळ भरली आणि वहिनींचा हात धरून जिना उतरवत घेऊन गेले. जाताना मला काहीच विचारलं नाही. काडेपेटी टेबलावरच विसरले, ती मी अजून खणात ठेवलीय.