म्हातारीच्या पदराची गाठ
कुणाच्या पदराला गाठ दिसली की मला नेपाळमधलं ते पत्र्याचं, ओल्या लाकडाच्या धुराचा वास येणारं चर्च आठवतं. चाकणच्या कंपनीतून रजा काढून मी चिंचवडच्या आमच्या चर्चच्या मंडळीबरोबर तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांना धीर द्यायला गेलो होतो. उपासना संपल्यावर एका म्हातारीने मोडक्या हिंदीत विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? “आई,” मी म्हणालो. तिने लगेच पदराला गाठ मारली. आई बरी झाल्याचं कळेपर्यंत रोज प्रार्थना करीन, तोवर ही सोडणार नाही, म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला, “आई गेली रे.” आम्ही गाडीत बसताना म्हातारी धावत आली आणि हसत गाठ दाखवली. मी नुसती मान हलवली. सांगायची हिंमतच झाली नाही. आईला जाऊन पाच वर्षं झाली. तिथे मात्र अजून कुणीतरी ती बरी व्हायची वाट बघत असेल.