कामिनीचं ईशज्ञान

छगन मास्तर वारले आणि पिंपळनेरच्या पश्चिमेकडच्या पाड्यांवर प्रार्थना चालवणारं कुणी उरलं नाही. फादर महिन्यातून एकदा जीप घेऊन यायचे, मिस्साची मुख्य उपासना करायचे आणि पुढच्या गावी निघायचे. मधल्या दिवसांत कुणी आजारी पडलं, कुणाची माती असली, की लोक मास्तरांना हाक मारत. आता ते मास्तरांच्या मुलीच्या दाराशी येऊ लागले. कामिनी बालवाडीत शिकवायची. नवरा प्रेमराज साक्रीच्या रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. लहानपणापासून बापाच्या मागं हिंडल्यामुळं तिला सगळ्या प्रार्थना पाठ होत्या. ती त्यांच्या हाकेला जाऊ लागली.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. लोकांनी कबरी सारवल्या, झेंडू वाहिला, मेणबत्त्या लावल्या. कामिनीनं प्रार्थना संपवली तेव्हा तिला दिसलं, की भिकुबाई तारेच्या कुंपणाबाहेर एका दगडापाशी बसली आहे. तिचं पहिलं लेकरू जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलं होतं. बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता, म्हणून छगन मास्तरांनी ते कुंपणाबाहेर पुरायला सांगितलं होतं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

कामिनी जवळ जाऊन बसली. भिकुबाईनं तिच्याकडं न बघताच विचारलं, "मन्हं लेकरू कोठे शे, कामिनी?"

पाठ केलेल्या प्रार्थनांत याचं उत्तर कुठंच नव्हतं. पुढच्या महिन्यात तिनं फादरांना विचारलं. ते जीपमध्ये बसता बसता म्हणाले, की हा ईशज्ञानाचा, म्हणजे थिऑलॉजीचा प्रश्न आहे, उभ्या उभ्या सांगण्यासारखा नाही. मग मला बसवून शिकवा, असं ती म्हणाली. फादर हसले नाहीत. पुण्याला ईशज्ञानाची पदवी मिळते, सिस्टर आणि प्रापंचिक माणसंही शिकतात, पण सगळं इंग्रजीत असतं, एवढं त्यांनी सांगितलं.

घरी तिनं हे प्रेमराजला बोलून दाखवलं. पोरगी शाळेत जाणारी, बायको तीन-चार वर्षं पुण्याला, लोक काय म्हणतील, हे त्यानं एकेक करून मांडलं. ते खोटं नव्हतं. कामिनीनं ऐकून घेतलं आणि तरी जाईन म्हणाली. शेवटी चुलीपाशी बसलेली तिची सासू मंदाबाई बोलली, "तू जाय. घर मी देखसू." भिकुबाई मंदाबाईची बालपणीची मैत्रीण होती.

बारावीनंतर कामिनीनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेलं होतं, पण इंग्रजीच्या नावानं बोंब होती. म्हणून आधी ती जळगावला सिस्टरांच्या वसतिगृहात राहिली. सकाळ-संध्याकाळ मुलींची देखरेख करायची आणि दुपारच्या वेळी एका म्हाताऱ्या सिस्टरला इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. सिस्टरला कमी दिसायचं, ऐकू मात्र नीट यायचं. एकही चूक ती सोडायची नाही. वर्ष उलटलं तेव्हा कामिनी अडखळत का होईना, पण न थांबता वाचू लागली.

पुण्यात वर्गात बहुतेक तरुण ब्रदर होते, पुढं फादर होणारे. ते तिला अक्का म्हणत. एकानं मनात काही न ठेवता विचारलं, की तुम्हाला तर फादर होता येणार नाही, मग ही पदवी घेऊन करणार काय? ती म्हणाली, "आमच्याकडं फादर महिन्यातून एकदा येतात. उरलेल्या दिवसांत माणसं मरायची थांबत नाहीत."

पहिल्या वर्षी ती नव्या कराराच्या मूळ भाषेत, ग्रीकमध्ये, नापास झाली. दुसऱ्या वेळीही झाली. लायब्ररीतून खोलीवर येताना रडली, तोंड धुतलं आणि परत जाऊन त्याच बाकावर बसली. इंग्रजी व्याख्यानं तिला एका दमात कळत नसत. प्रत्येक धडा ती अहिराणीत स्वतःला समजावून सांगे, भिकुबाई समोर बसली आहे असं धरून. तिला सांगता आलं नाही, तर आपल्यालाच कळलेलं नाही, असं ती मानायची.

दुसऱ्या वर्षी बाप्तिस्मा वगैरे संस्कारांचा विषय आला. तेव्हा तिनं वर्गात उभं राहून भिकुबाईचा प्रश्न विचारला. प्राध्यापक केरळचे फादर होते. त्यांनी सावकाश सांगितलं, की बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं स्वर्गाच्या उंबरठ्याबाहेर राहतात हे पंडितांचं मत होतं. चर्चनं ते श्रद्धेचा भाग म्हणून कधीच बांधून दिलं नाही. चर्च त्यांना देवाच्या दयेवर सोपवतं आणि आशा धरायला सांगतं. त्यांच्या अंत्यविधीची प्रार्थनासुद्धा आहे.

कामिनी खाली बसली. तिला राग आला, पण कुणाचा ते कळेना. बापानं एक मत कायदा समजून जन्मभर वाहिलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मे महिन्यात ती गावी आली ती थेट भिकुबाईकडं गेली. कडुनिंबाखाली बसून तिनं सगळं उलगडून सांगितलं. हमी देता येत नाही, आशा आहे, हेही लपवलं नाही. मग म्हणाली, "मन्ही आशा अशी शे अक्का, ते देवना जोडे शे." लेकरू देवाजवळ आहे हे ऐकून भिकुबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं सांगितलं, की ते लेकरू मुलगी होती, आणि तिचं नाव आपण मनातच ठेवलं होतं. रूपा.

कामिनीनं चर्चच्या कमिटीपुढं मागणी मांडली: कुंपण सरकवायचं, कबर आत घ्यायची. कमिटीचे पितांबर नाना तिच्या वडिलांचे सोबती. ते म्हणाले, "तुझ्या बापानं घालून दिलेली रीत तूच मोडणार?"

"आबांना जेवढं शिकवलं, तेवढं त्यांनी इमानानं केलं, नाना. मला त्याहून जास्त शिकवलंय. मी तेवढ्यावर कशी थांबू?"

फादरांनी तिची बाजू घेतली. प्रेमराजनं काळीपिवळीच्या टपावरून नवे खांब आणले आणि दोघा नवरा-बायकोनं मिळून ते रोवले. फादरांनी विधी केला, वाचन कामिनीनं अहिराणीत केलं. रूपाचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत घेतलं गेलं. पितांबर नाना आले नाहीत.

जूनमध्ये कामिनी पुण्याला परतली. ग्रीक तिसऱ्या खेपेला सुटलं, जेमतेम गुणांनी. शेवटच्या तोंडी परीक्षेत तिला देवाच्या कृपेवर विचारलं. इंग्रजी दोनदा अडलं. तिनं क्षणभर थांबून वाक्य पुन्हा पहिल्यापासून उचललं आणि शेवटाला नेलं.

पदवी घेऊन आलेली ती आता पिंपळनेरला शनिवारी वर्ग घेते. आसपासच्या पाड्यांवरून प्रार्थना चालवणारी माणसं येतात, निम्म्याहून जास्त बाया. पाठांतरावर ती कुणाला सोडत नाही. आधी अर्थ विचारते. पितांबर नाना अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत. मात्र गेल्या महिन्यापासून त्यांची सून वर्गाला येते, पुढच्या रांगेत बसते आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारते.