अक्काने लावलेला क्लच

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवासच्या घरी चहा गाळत होतो. धारहून तिच्या शेजारचा पप्पू बोलत होता. "मामाजी, आप आ जाओ... अक्का सुबह उठीं ही नहीं." गाळणी हातातच राहिली. लगेच निघालो, पण बसने. जिन्यावरून पडल्यापासून माझा डावा गुडघा नीट वाकत नव्हता आणि गाडी चालवणं मी कायमचं सोडलं होतं. निदान तसं जाहीर तरी केलं होतं. अक्काला ते मान्य नव्हतं, आणि तिला मान्य नसलेल्या गोष्टी आमच्या घरात फार काळ टिकत नसत.

माझी ही थोरली बहीण. धारला पोरांना वर्कशॉप शिकवून निवृत्त झाली आणि लोक तीर्थयात्रांचं ठरवतात त्या वयात तिने मोटारीचे सुटे भाग मागवले. पाइपांची चौकट, फायबरची बॉडी, भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन... सगळं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन पडलं. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या संस्थानात कारकुनी केलेली माणसं. पान्याला हात लावणारी ही पहिलीच. नातेवाईक हसले, मी जरा जास्तच हसलो. "ही चालवणार कोण?" असं विचारलं तर म्हणाली, "तू."

"अक्का, माझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघते. तू रविवारी ये."

तेव्हापासून माझे रविवार त्या शेडमध्ये गेले. क्लचची केबल जुळवायला एक माणूस गाडीखाली लागतो आणि एक पेडलवर. केबलच्या टोकाचा नट आवळला की क्लच वर पकडतो, म्हणजे पाय बराच उचलल्यावर गाडी निघते; सैल केला की खालीच. अक्का सतरंजीवर आडवी, तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट तेवढे बाहेर दिसायचे, आणि मी सीटवर. "दाब... थांब. आता हळू सोड. कुठे दुखलं?" "इथे." "इथे म्हणजे कुठे रे विन्या? मला काय खालून तुझा गुडघा दिसतोय?" मग नट अर्धा आटा सैल. परत दाब. पाय लांब असताना मला त्रास नव्हता, वर घेताना कळ यायची. म्हणून पाय जेमतेम उचलला की गाडी निघालीच पाहिजे, असा तिचा हट्ट. फार सैल झालं की गिअर करकरायचा आणि ती माझ्यावरच ओरडायची, जणू ती करकर माझ्या गुडघ्याची होती. केबलला कुठे मोड नको म्हणून तिने ती पुन्हा पुन्हा काढली, लांबच्या वळणाने फिरवली. मला कंटाळा यायचा, तिला कधीच आला नाही. मध्येच पोहे यायचे, वर शेव, जिरावणाचा मसाला. तिचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून मी चमच्याने भरवायचो. लहानपणी तिने मला भरवलं होतं, हे ती दर वेळी ऐकवायची.

शेवटच्या रविवारी मी गाडी शेडमधून फाटकापर्यंत नेली आणि परत आणली. ती शेजारी बसली होती. "पुढच्या वेळी देवासला जाऊ," म्हणाली. मी म्हटलं, "बघू." भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

तेरावं झालं. पप्पूने विचारलं, "मामाजी, गाड़ी के लिए टेम्पो बुला दूँ?" मी हो म्हणणार होतो... आणि चावी मागितली.

पीथमपूरच्या बाजूला शिफ्टच्या बसेसच्या गर्दीत सापडलो. थांब, चाल, थांब, चाल. पाय जेमतेम उचलायचा आणि गाडी निघायची. मी कळ येण्याची वाट बघत होतो, ती आली नाही. तिथेच, सगळे मागून हॉर्न वाजवत असताना, मला रडू फुटलं. अक्का शेजारी हवी होती.

देवासच्या अलीकडे पेट्रोलला थांबलो. शेजारच्या गॅरेजवाल्याला गाडीचं भारी कौतुक. आत बसून त्याने पेडल दाबून पाहिलं आणि मान हलवली. "भिया, क्लच तो बहुत नीचे पकड़ रहा है. केबल कस दूँ? अभी कर देता हूँ." पाना घेऊन तो वाकलासुद्धा. मी त्याचं मनगटच धरलं.

"रहने दो," मी म्हटलं. "मेरी बहन ने मेरे पैर के हिसाब से लगाया है."

गाडी आता माझ्या दारात उभी असते. रोज भाजी आणायलाही तीच काढतो. त्या नटाला मात्र मी अजून कोणाचा पाना लागू दिलेला नाही.