दोनच्या वर: देऊळगाव राजामार्गे बुलढाणा

नसरीनचा फोन आला तेव्हा मी काचा पुसत होते. पुण्यातल्या एका प्रकाशविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे, त्यामुळे आयुष्याचा बराचसा भाग काचा पुसण्यात गेलाय. नसरीननं आमच्याकडेच पीएचडी केली. परदेशातून बोलावणं आलेलं असताना ती बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवायला निघून गेली, त्याला आता तीन वर्षं झाली.

"ताई, तुमचे जुने डिटेक्टर चार दिवस मिळतील का? पोरींना एकदा दोनच्या वर दाखवायचंय."

हे 'दोनच्या वर' काय, ते आधी सांगते. जांभळा लेझर एका बारीकशा स्फटिकात सोडला की कोट्यवधींतल्या एखाद्या फोटॉनाचे, म्हणजे प्रकाशाच्या कणाचे, दोन होतात. हे जुळे वेगवेगळ्या वाटांनी जातात. दोन्ही वाटांवर फिरत्या काचा लावून त्यांची 'परीक्षा' घ्यायची आणि दोघांची उत्तरं किती जुळतात ते एका आकड्यात मांडायचं. जुळ्यांनी उत्तरं निघतानाच ठरवून घेतली असतील, तर तो आकडा दोनच्या वर जाऊच शकत नाही. प्रत्यक्षात जातो. आज उपग्रहावरून चोरता न येणारे निरोप पाठवण्याचं जे संशोधन चाललंय, त्याच्या मुळाशी हेच जुळे आहेत.

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब हो म्हणाले, पण अट घालून. यंत्रं घेऊन मी स्वतः जायचं आणि मंगळवारी सकाळी ती परत टेबलावर हवीत. काही बिघडलं, तर यापुढे कुठल्याच कॉलेजला काही द्यायचं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाची जालना बस पकडली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, तेव्हा मैत्रिणींनो, खर्चाची सबब सांगू नका. डिटेक्टरची पेटी डिकीत टाकायची हिंमत होईना, म्हणून जालन्यापर्यंत मांडीवरच घेऊन बसले. तिथून देऊळगाव राजाची गाडी तासाभरात पोचवते. थंडीचे दिवस होते. काळ्या रानात तूर वाळत आलेली, मध्येच हरभऱ्याचं हिरवं. शेजारच्या मावशींनी पेटीकडे बघत विचारलं, "काय हाय वो त्याच्यात?"

"उजेड मोजायचं यंत्र."

"एवढं ऊन पडून राह्यलं, मोजाचं काऊन?"

मी पेटी मांडीवर आणखी जवळ ओढली.

मुक्काम देऊळगाव राजालाच, नसरीनच्या माहेरी होता. तिचे अब्बा, करीमचाचा, खरादी आहेत. मोटारपंपांचे लोखंडी-पितळी भाग लेथवर घडवून देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. अम्मींनी ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा वाढला. जेवताना चाचांनी मला विचारलं, "ताई, तुमीच सांगा. इतकी शिकली, मंग बाहेर काऊन नाही गेली ही पोरगी?"

मी म्हटलं, "तिची प्रयोगशाळा बघितलीत का?"

"मले काय समजते त्यातलं!" त्यांनी भाकरी मोडली आणि विषयही मोडला. तीन वर्षांत ते एकदाही कॉलेजात गेले नव्हते, हे अम्मींनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं चिखलीमार्गे बुलढाणा. दोन-सव्वादोन तास लागतात. गाव पठारावर, त्यामुळे उतरल्या उतरल्या स्वेटर अंगात चढवावा लागला. स्टँडसमोर गरम कचोरी खाल्ली. ती खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. नसरीन न्यायला आली होती, सोबत वर्षा. वर्षा जवळच्या धाड गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला आहे आणि रोज एसटीनं ये-जा करते.

प्रयोगशाळा म्हणजे सामानाची जुनी खोली. खिडक्यांना काळं कापड आणि फटींना काळी चिकटपट्टी. टेबल हलू नये म्हणून त्याच्या पायांखाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे होते. आमच्याकडे या कामाला जे टेबल आहे, ते उचलायला क्रेन लागली होती. मनातल्या मनात नसरीनला सलाम केला.

दिवसभर जुळणी चालली. दुपारपर्यंत जुळे सापडले. दोन्ही डिटेक्टर एकाच क्षणी बोलू लागले तेव्हा वर्षानं आनंदानं माझा दंड इतका आवळला की वळ उठला. मग आकडा काढला. एक पूर्णांक आठ दशांश. पुन्हा काढला, तर त्याहून कमी. संध्याकाळी नसरीन खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

दोष वर्षानं शोधला. "मॅडम, हे हलून राह्यलं." स्फटिकापुढची एक काचपट्टी ठरावीक कोनात तिरकी धरावी लागते. तिच्या पितळी चौकटीच्या स्क्रूचे आटे गेले होते. ती चौकट पुण्याहून मी आणली होती, आणि बांधताना घाईत स्क्रू जास्त आवळणारीही मीच. तोंडावर तसं कबूल केलं. नसरीन रागावली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

असा बारीक आट्यांचा स्क्रू बुलढाण्यात मिळेना. शेवटी तिनं घरी फोन लावला. पलीकडून चाचांचा आवाज मलाही ऐकू आला. "फोटू नोको पाठवू. फोटूवर माप निघते का? मीच येतो."

रविवारी पहिल्याच गाडीनं ते आले. हातात हत्यारांची पिशवी. काळ्या खोलीच्या दाराशी चपला काढल्या, चौकट बोटांत फिरवली, नखानं आटे चाचपले. मग ओळखीच्या एका दुकानात लेथ मागून घेतला. अडीच तासांनी आले ते पितळेचा नवा स्क्रू आणि त्याला बसणारी नवी चौकट घेऊनच. चौकट बसवताना त्यांनी श्वास रोखला होता.

"आता हाललं तं मले सांगजा."

हललं नाही. आम्ही दिवा मालवला. प्रत्येक कोनाला मोजणी, एकूण सोळा वेळा. वर्षा आकडे वाचत होती, नसरीन कोपऱ्यात लाल बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात लिहून घेत होती, चाचा अंधारात भिंतीला टेकून उभे होते. शेवटी नसरीननं गणित केलं, खोडलं, पुन्हा केलं.

"दोन पूर्णांक चार दशांश," ती म्हणाली, आणि वही आमच्यापुढे धरली.

वर्षा ओरडलीच. चाचांनी विचारलं, "दोनच्या वर गेला म्हंजे काय झालं?"

नसरीननं डोळे पुसले आणि त्यांना समजावलं. दोन कण एकमेकांपासून लांब आहेत, उत्तरं आधी ठरवलेली नाहीत, तरी त्यांचा मेळ सुटत नाही. चाचा लक्षपूर्वक ऐकत होते. मध्येच म्हणाले, "सगळं नाही समजलं. पण खोटं नाही, हे समजलं." मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हे तू बाहेरदेशी केलं असतं, तं मले कसं दिसलं असतं?"

मी आणि वर्षा उगाचच वायरी गुंडाळू लागलो.

सोमवारी परत निघाले ती धाड, भोकरदन, सिल्लोडमार्गे. संभाजीनगरहून पुण्याच्या गाड्या भरपूर मिळतात. वर्षा धाडपर्यंत सोबत होती. स्टँडवर तिनं हट्टानं गरम भजी खाऊ घातली आणि विचारलं, "तुमच्याकडं शिकाले यायचं असन, तं काय वाचू?" तिकिटाच्या मागे मावेल तेवढं लिहून दिलं. बाकीचं व्हॉट्सॲपवर पाठवलं.

मंगळवारी डिटेक्टर टेबलावर होते. साहेबांनी तपासले, सगळं ठीक होतं. स्क्रू माझ्याकडून बिघडला होता, हे मी नोंदवहीत माझ्या नावानं लिहिलं.

आमच्याकडे अधूनमधून पाहुणे येतात. त्यांना यंत्रं दाखवताना माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, "हे फार नाजूक काम, असं कुठेही होत नाही." वर्षानुवर्षं अभिमानानं म्हणत आले. गेल्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, "आपल्याकडे हे आणखी कुठे होतं हो?"

"बुलढाण्याला," मी म्हणाले, आणि सकाळी सहाची जालना बस पकडायला सांगितलं.