पुस्तक बाहेर गेलंय

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. अडतीस वर्षं एका घरात काढली, तिच्या शेवटच्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसलो, तरी नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला हे सांगायची छाती अजूनही नाही माझी.

मागच्या महिन्यात खामगावात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, हार. सूत्रसंचालन करणारा तरुण भारावून म्हणाला, गुरुजींनी खेड्यातल्या पोरापोरींच्या हातात पुस्तकं दिली. टाळ्या झाल्या. मी हात जोडून बसून राहिलो — आणि आतून असा काही पेटलो की हार तोडून फेकावासा वाटला. कोणत्या पोरांच्या हातात रे? आणि कोणती पुस्तकं? हे विचारणारा त्या सभागृहात एकही नव्हता. विचारू शकली असती ती बाई तिथं नव्हती.

सांगतो. पण आधी शाळेचं सांगावं लागेल.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. खामगावाहून पिंपळगाव राजाकडे जाताना वाटेत एक गाव लागतं — नाव राहू द्या. तिथल्या हायस्कुलात मी मराठी शिकवायचो. तेवीस-चोवीसचा होतो. खामगावचा, कारकुनाचा मुलगा, धुतलेलं धोतर, शुद्ध बोलणं. शाळेत एक लोखंडी कपाट आलं, त्यात दोनेकशे पुस्तकं आली आणि हेडमास्तरांनी किल्ली माझ्या हातात दिली. दर शनिवारी शाळा सुटायच्या आधी मी कपाट उघडायचो. फळ्यावर दोन रकाने आखायचो. एकावर लिहायचो 'कादंबऱ्या', दुसऱ्यावर 'उपयुक्त', खाली पुस्तकांची नावं. आणि कुणी काय वाचावं याची शिफारस मी करायचो. चालू वर्गात, नाव घेऊन, मोठ्या प्रेमानं.

त्या प्रेमाचीच मला आता शिसारी येते.

कारण रकाने पुस्तकांचे नव्हते, पोरांचे होते. देशमुखांचा विनायक, दुकानदारांची मुलं, मास्तरांची मुलं — यांना मी कादंबऱ्या द्यायचो. साहसाच्या, प्रवासाच्या, वयात येणाऱ्या मुलांच्या मनातलं सांगणाऱ्या. आणि गावाच्या उगवतीला जो पुरा होता, वेगळी वस्ती — धर्म बदलून तिथल्या लोकांना चार-पाच वर्षं झाली होती, पण गावानं त्यांचं जुनं नाव काही टाकलं नव्हतं — तिथून येणाऱ्या चार पोरांना मी 'उपयुक्त' द्यायचो. साबण कसा करावा. कोंबड्या कशा पाळाव्यात. शिवणकाम. प्रथमोपचार. अर्ज कसे लिहावेत. "तुम्हाला पुढं कामाला येईल," असं म्हणायचो. वाईट पुस्तकं नव्हती ती. कुणाही पोराच्या कामाला आली असती. पण विनायकला मी कोंबड्यांचं पुस्तक कधी दिलं? एकदा तरी?

मला कुणी असं करायला सांगितलं नव्हतं. आणि मी स्वतःला पुढारलेला समजत होतो! त्या पुऱ्यात जाऊन पाणी प्यायलो होतो, त्यावर भाषणही ठोकलं होतं. पाणी पिणं सोपं असतं हो. कादंबरी देणं मला जमलं नाही. का? पुष्कळदा विचार केलाय. मला वाटायचं, समुद्र, होड्या, हट्टी पोरी — हे वाचून यांच्या डोक्यात नको ते शिरेल. म्हणजे नेमकं काय शिरेल? जे विनायकच्या डोक्यात शिरावं म्हणून मी जिवाचं रान करत होतो, तेच ना?

त्या चौघांत एक मुलगी होती. कौसल्या. नववीत. बाप कापसाच्या हंगामात खामगावच्या जिनिंगला जायचा, एरवी मजुरी. मुलगी उंच, काटकुळी, बोलताना मान वर करून बोलायची. तिनं साबणाचं पुस्तक एका आठवड्यात परत आणलं. कोंबड्यांचं चार दिवसांत. प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असायचं. मी विचारलं की सांगायची, वर चूकही दाखवायची. एकदा म्हणाली, "गुरुजी, यात लिव्हलं का कोंबडीले रोज अमकं तमकं खाऊ घाला. थे आमी तरी कुठं खातो?" वर्ग हसला. मीही हसलो.

मग तिनं फळ्यावरचं नाव वाचून एक कादंबरी मागितली. खाडीकाठच्या एका मुलीची गोष्ट होती. बाप बुडून मेल्यावर ती त्याची होडी स्वतः चालवायला घेते. मी म्हणालो, "पुस्तक बाहेर गेलंय."

पुस्तक कपाटात होतं. माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर.

पुढच्या शनिवारी ती परत उभी. "थे होडीचं पुस्तक वापस आलं का, गुरुजी?" नाही आलं. त्याच्या पुढच्या शनिवारी? नाही. किती शनिवार असं चाललं, मी मोजले नाहीत. मधे मी ते विनायकला देऊन टाकलं — त्यानं मागितलंही नव्हतं. म्हणजे मग बाहेर गेलं, खरंच गेलं. केवढं समाधान वाटलं मला, सांगू? खोटं बोलायची गरज उरली नाही म्हणून!

थोड्याच दिवसांत विनायकच्या वहीत एक निबंध आला. विचार तिचे, अक्षरही तिचं — थोडं डावीकडे झुकलेलं. मी ओळखलं. तिनं निबंध लिहून द्यायचा, त्याच्याकडून पुस्तक वाचायला घ्यायचं, असा त्या दोघांचा व्यवहार चालला होता. मी काही बोललो नाही. विनायकचे वडील शाळेच्या कमिटीवर होते. निबंधाला शेरा दिला, 'उत्तम'.

आता ते येतं. बघा, मी किती फिरवून आणलं तुम्हाला.

शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. हेडमास्तरांनी त्यांना माझ्या वर्गावर आणलं — आमच्या वाचनाचं कौतुक दाखवायला. साहेब खुर्चीवर बसले, चहा आला. मी विनायकला उभं केलं. म्हटलं, वाचलेल्या कादंबरीविषयी सांग.

"साहेब, त्यात... एक होडी आहे," विनायक म्हणाला.

"बरं. पुढं?"

पुढं काही नाही. तो नखं बघत उभा राहिला. आणि मागच्या कोपऱ्यातून हात वर झाला. मी डोळे वटारले. पण साहेब म्हणाले, बोल मुली.

ती बोलली. कशी बोलली! साहेब समोर आहेत, मी आहे, सगळं विसरून. ती मुलगी पहिल्यांदा होडीत बसते तेव्हा गावातल्या बाया कशा हसतात, वल्हं हातातून कसं सुटतं, भरती-ओहोटी म्हणजे काय — समुद्र त्या वर्गात कुणीच बघितला नव्हता, मीसुद्धा नाही. साहेबांनी कप खाली ठेवला. आणि शेवटी म्हणाली, "पन शेवट मले पटला नाही, साहेब. इतकं सारं केलं, अन् मंग थ्या पोरीनं होडी मामाले काऊन देली?"

साहेब खळखळून हसले. शाबास म्हणाले. मग खूश होऊन त्यांनी पुस्तकांची नोंदवही मागवली, तिचं नाव काढलं. साबण. कोंबड्या. शिवण. प्रथमोपचार. अर्ज. बोट खाली खाली येत गेलं. "हिच्या नावावर ही कादंबरी दिसत नाही," ते म्हणाले. सहज म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. "तुम्हीच दिली असेल ना, गुरुजी?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खोटंच, पण निदान एकदा तिच्या बाजूचं खोटं. किंवा खरं सांगायचं होतं — मी दिली नाही साहेब, ती मागत होती आणि मी देत नव्हतो. विनायक खाली मान घालून बसला होता. त्याचं नाव घेणं तर मला सुचलंच नाही. खोटं. सुचलं होतं.

मी म्हणालो, "नाही साहेब. न विचारता कपाटातून काढलं असणार. या मुलांना सवय असते."

या मुलांना. माझे शब्द.

ती उभीच होती. रडली नाही. म्हणाली, "म्या चोरलं नाही, गुरुजी. तुमीच तं दर शनवारी सांगत होते, पुस्तक बाहेर गेलंय. मंग म्या कपाटातून कसं काढीन?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगतो, त्या माणसाला त्या क्षणी सगळं कळलं. आणि मला इतका संताप आला — पंधरा वर्षांच्या पोरीनं तीन वाक्यांत मला उघडं पाडलं याचा — की मी छडी उचलली. "उलट बोलतेस? हात पुढे कर."

तिनं हात पुढे केला. मी चार मारल्या. साहेब कपात बघत राहिले. हेडमास्तर खिडकीबाहेर. कुणी म्हटलं नाही, थांबा. मला त्या दोघांचाही राग येतो. पण छडी त्यांच्या हातात नव्हती.

वर हेही ऐका. साहेबांच्या अहवालात माझ्या पद्धतीची वाखाणणी आली. प्रत्येक मुलाला त्याच्या परिस्थितीला जुळेल असं पुस्तक! माझी यादी त्यांनी मागवून घेतली, दुसऱ्या शाळांना पाठवली. किती कपाटं त्या यादीप्रमाणे उघडली असतील आणि बंद झाली असतील, मला माहीत नाही. माझं नाव झालं.

बाजाराच्या दिवशी तिचा बाप शाळेत आला. दाराबाहेर चपला काढून उभा. भांडायला आला नव्हता. म्हणाला, "गुरुजी, पोरगी म्हन्ते म्या नाही चोरलं. तुमी म्हन्ता चोरलं. ते आजलोक माह्याशी खोटं बोलली नाही. आता मी कोनाचं आयकू?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून सोपी संधी माणसाला मिळते का? मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "जाऊ द्या. मी माफ केलंय तिला."

तो म्हणाला, "म्हंजे चोरलंच, म्हना." चपला घालून गेला. त्यानं घरी तिला काय विचारलं, काय केलं, मला कळलं नाही. दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली.

हेडमास्तरांनी तिला पुस्तकं बंद केली. शाळा तिनं सोडली नाही. पुढची दोन वर्षं दर शनिवारी मी कपाट उघडायचो, नावं पुकारायचो, मुलं उठून यायची, आणि ती आपल्या जागी दोन्ही हात बाकावर ठेवून बसून राहायची. ना रागानं, ना आशेनं. हजेरीला 'हजर' म्हणायची, त्यापलीकडे माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मनात आणलं असतं तर कुठल्याही शनिवारी मी एखादं पुस्तक नेऊन तिच्या बाकावर ठेवू शकलो असतो. किल्ली माझ्याच खिशात होती. दोन वर्षांत किती शनिवार येतात?

मॅट्रिक झाली. चांगल्या मार्कांनी झाली. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली तेव्हा कारकुनाला सांगत होती, नर्सच्या शिक्षणासाठी अर्ज करायचाय. जुने हेडमास्तर बदलून गेले होते, नव्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी छापील दाखला माझ्याकडे पाठवला — तुमच्या वर्गाची मुलगी, तुम्हीच भरा.

नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. शिकत असलेली इयत्ता, शाळा सोडण्याचं कारण. मग 'वर्तणूक' आलं. त्या रकान्यात मी सगळ्यांना एकच शब्द लिहायचो — चांगली. टवाळ पोरांनासुद्धा. विनायकलाही तोच लिहिला होता, आदल्याच दिवशी. तिच्या दाखल्यावर माझा हात अडला. 'चांगली' लिहिलं, तर मग त्या दिवशी वर्गात खोटं कोण बोललं?

मी लिहिलं, 'बरी'.

ती व्हरांड्यात उभ्यानं दाखला वाचत होती. वरपासून खालपर्यंत, एकेक शब्द. एका जागी थांबली. मान वर केली नाही. दाखल्याची घडी घातली, पोलक्यात ठेवली आणि उन्हात चालू लागली.

नर्सच्या शिक्षणाला तिला घेतलं नाही, असं पुढं कानावर आलं. त्या शब्दामुळे, की जागाच नव्हत्या — मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही. ते घर अकोल्याकडे निघून गेलं. त्यानंतरचं काहीच ठाऊक नाही.

वर्गात साहेब होते, कमिटीची भीती होती, चारचौघांत अब्रू जायची होती. दाखला भरला त्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. दुपारची वेळ होती, दार लोटलेलं होतं, मी एकटा होतो. घाई नव्हती. तो शब्द मी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला आणि त्यावर टीपकागद दाबला.