ग्लेनिसबाईंची फेरी

ॲडलेडपासून दूर, समुद्रकाठच्या आमच्या पोर्ट कॅलोत माणूस मेला तर पेपरात येतं, लग्न ठरलं तर चर्चच्या फळ्यावर लागतं. पण जिवंत माणसाला गावात जागा आहे की नाही, हे कळायची सोय एकच आहे. कमर्शियल हॉटेलच्या पुढच्या बारमध्ये तो कोणाच्या फेरीत आहे, एवढं विचारायचं.

फेरी म्हणजे साधी गोष्ट. चौघं बसलेत, तर एकाने उठायचं आणि चौघांची बिअर आणायची. ती संपली की दुसऱ्याने. स्वतःची फेरी दिल्याशिवाय घरी जायचं नाही. जो जातो त्याच्या नातवालाही गाव ते ऐकवतं. कमर्शियलमध्ये यावर आणखी दोन कलमं आहेत. ग्लास ज्याची फेरी त्याने आपल्या हाताने टेबलापर्यंत आणायचे. ट्रे वगैरे मागच्या जेवणाच्या खोलीत, जिथे गालिचा आहे आणि लोक वाढदिवसाला येतात. आणि शेवटचा ग्लास टेबलावर टेकेपर्यंत पहिल्याने ओठ लावायचा नाही. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत. लिहिले असते तर कोणीतरी मोडले असते.

ग्लेनिस ट्रेनॉर्डन आमच्या शाळेच्या बसच्या ड्रायव्हर. मी त्यांच्याच बसमधून शिकलो. म्हणजे जे काय शिकलो ते बसमध्येच, शाळेत नुसता उतरायचो. उशीर झालेल्या पोरासाठी बाई बस थांबवत नसत. दार उघडं ठेवून हळू चालवत आणि शेजारून धावणाऱ्याला म्हणत, "धाव की. मी थांबले तर तुझे पाय काय उपयोगाचे?" गावातली निम्मी माणसं अजून दम लागला की त्यांची आठवण काढतात.

नवरा होता तोवर बाई मागच्या खोलीत, कुटुंबवाल्यांत बसायच्या. नवरा गेला, त्याला पुरलं, आणि पुढच्याच गुरुवारी त्या पुढच्या बारमध्ये येऊन त्याच्या खुर्चीवर बसल्या. मरे जॉली म्हणाला होता की ही रॉसची जागा आहे. बाई म्हणाल्या, रॉसला विचारून ये जा, मी बसते तोवर. ते ऐकून लायल इतका हसला की बिअर त्याच्या नाकातून आली, आणि बाई फेरीत आल्या.

लायल म्हातारा कोळी. होडी विकली, पण वास विकता आला नाही. मरे सातू पिकवायचा. आता शेत मुलगा करतो आणि मरे गाडीत बसून त्याच्या चुका मोजतो. डॉक्टरने सांगितल्यापासून तो बिअरमध्ये निम्मं लेमोनेड घालून पितो, आणि त्यावरून त्याला रोज बोलणी खावी लागतात. चौथा मी, टायरच्या दुकानातला. बाप खाणीवर गेला तेव्हा त्याची खुर्ची मला आली. आमच्याकडे वारसा म्हणजे एवढाच.

गुरुवार हा श्नित्झेलचा दिवस. कुटून कुटून पातळ केलेलं मांस, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं, आणि आकाराने असं की ताटाबाहेर चहूकडे लोंबतं. त्याच्याखाली बटाट्याच्या जाड चिप्स, वरून दाट तपकिरी ग्रेव्ही. चिप्स खाली असाव्यात की शेजारी, यावरून लायल आणि मरे एक अख्खा उन्हाळा बोलत नव्हते. शेजारी असल्या तर कुरकुरीत राहतात, खाली असल्या तर ग्रेव्ही पिऊन मऊ पडतात. ज्याला त्या मऊ चिप्स आवडत नाहीत त्याने शहरात राहावं, असं बाईंचं मत. त्याबरोबर काचेला दव धरलेली थंडगार बिअर. दिवसभर टायर उपसल्यावर तिचा पहिला घोट घशाखाली उतरतो तेव्हा मालकाबद्दलही बरं वाटायला लागतं.

बाईंचे हात स्टिअरिंग धरून फावड्यासारखे झालेले. त्यांची फेरी असली की चारही ग्लास एका खेपेत, मधे बोटांची कैची, आणि शेंगदाण्याची पुडी दातांत. चेंडू-काठीच्या पूल टेबलाला वळसा घालून त्या यायच्या ते थेंब न सांडता. "शिका जरा," असं पुडी दातांत धरूनच म्हणायच्या.

मग हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालणं परत आलं, जीभ तर गेलीच नव्हती; पण डावा हात गेला तो गेला. जोडी नावाची त्यांची मुलगी त्यांना ॲडलेडला घेऊन गेली. तिथे तिने त्यांच्यासाठी म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक खोली बघून ठेवली. त्या वसाहतीतही बार आहे म्हणे. दुपारी तास-दीड तास उघडतो आणि प्लॅस्टिकच्या पेल्यात शेरी देतात. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सातूचे ट्रक रस्त्यावर धावायला लागले त्या आठवड्यात, उजव्या हातात काठी घेऊन, बसने एकट्या परत आल्या.

गुरुवारी त्या बारमध्ये शिरल्या आणि आम्ही तिघेही उभे राहिलो. तिथेच चुकलं. कमर्शियलमध्ये कोणी कोणासाठी उभं राहत नाही. राहिलं तर बाहेर मारामारीला चाललाय असं समजतात. लायलने खुर्ची ओढून दिली. मरेने तब्येत विचारली. मरेने. हा माणूस स्वतःच्या बायकोला बाळंतपणानंतर "झालं का?" एवढंच म्हणाला होता.

बारचा मालक डीन याने श्नित्झेल आणलं ते आतूनच बारीक तुकडे करून. बाई ताटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डीनला विचारलं की हे आधी कोणी खाऊन गेलंय का. पुढच्या गुरुवारपासून अख्खं यायला लागलं. बाई त्याच्या मधोमध काटा खुपसायच्या, पताकेसारखं उचलायच्या आणि कडेने चावत जायच्या. मागच्या खोलीतली पोरं दारातून बघायची आणि आपल्यालाही तसंच हवं म्हणून रडायची.

ताटाचं असं निभावलं. फेरीचं वेगळं झालं.

लायलची झाली, मरेची झाली, माझी झाली. बाई काठी घेऊन उठायला लागल्या तोवर मरे उभा. राहू दे, मी जातोच आहे, असं म्हणून गेलाही. त्या वेळी कोणाला काही वाटलं नाही. पुढच्या गुरुवारी लायल उठला. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी. आपण किती भली माणसं आहोत असं वाटून आम्ही तिघंही जरा ताठ बसायला लागलो होतो.

आता, फेरीत नसणं म्हणजे काय ते कमर्शियलमधल्या कोणालाही विचारा. कोपऱ्यात बसणारा पाद्री फेरीत नाही. रस्ता चुकून आलेले प्रवासी फेरीत नाहीत. त्यांना बिअर मिळते, जेवण मिळतं, वर सगळे गोडही बोलतात. लग्नातल्या फोटोग्राफरसारखं, पंगतीत जेवतो, पण कोणाकडचा नसतो. आम्ही बाईंना तिथे नेऊन बसवत होतो, तेही हाताला धरून. आणि त्याहून वाईट म्हणजे टोमणे बंद झाले होते. बाईंनी मरेच्या लेमोनेडवरून त्याला मांजरीचं पिल्लू म्हटलं, तर मरे नुसता हसला. पूर्वी त्याने त्यांच्या सात पिढ्यांचं ड्रायव्हिंग काढलं असतं.

मग एका गुरुवारी बाहेर उन्हाची भट्टी पेटली होती. बारचा पंखा गरम हवा इकडून तिकडे सरकवत होता. तिघांच्या फेऱ्या झाल्या आणि बाईंची आली. लायलने गुडघ्यांवर हात ठेवून उठायची तयारी केली.

बाईंनी आपला ग्लास तळापर्यंत संपवला आणि टेबलावर पालथा घातला.

याचा अर्थ आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो. रिकामा ग्लास पालथा घालायचा म्हणजे या खोलीतल्या कोणाशीही मी दोन हात करायला तयार आहे, या. मी हे फक्त बापाच्या तोंडून ऐकलं होतं. प्रत्यक्षात कोणी केलं नव्हतं, कारण करणाऱ्याला मग करावं लागतं. पूल खेळणारे दोघं काठ्या टेकून उभे राहिले. डीनने नळ बंद केला.

"कोण येतंय?" बाई म्हणाल्या.

"अगं ग्लेनिस," लायल म्हणाला.

"अगं-बिगं नको. माझी फेरी कोण घेतंय ते सांग. दर गुरुवारी कोणीतरी घेतंय."

लायल माझ्याकडे बघायला लागला, मी मरेकडे. मरेला बघायला कोणी उरलं नाही.

"हे बघ," मरे म्हणाला, "तुझ्या एका हाताने..." आणि थांबला.

"बोल की. बस का थांबवलीस?"

"एका हाताने चार ग्लास कसे आणशील?"

"एकेक," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. काठी उजव्या हातात होती, आणि ग्लास धरायलाही उजवाच हात. त्यांनी क्षणभर काठीकडे बघितलं आणि ती खुर्चीच्या पाठीला अडकवून टाकली. लायलच्या घशातून कसलातरी आवाज आला. बारपाशी डीनने चार ग्लास भरले आणि सवयीने खालून ट्रे काढला. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ट्रेने स्वतःला वारा घालायला सुरुवात केली.

पहिला ग्लास घेऊन त्या निघाल्या. कंबर पूल टेबलाच्या कडेला घासत, मग भिंतीला खांदा लावत, मग मधली जी मोकळी जागा होती ती कशाचाही आधार न घेता. डावा पाय जरा फरफटत होता. ग्लास लायलपुढे टेकवला तेव्हा त्यातली बरीचशी बिअर वाटेतल्या लाद्यांना मिळाली होती. बाई वळल्या आणि परत निघाल्या.

लायल आपल्या ग्लासकडे बघत बसला. नियम म्हणजे नियम.

दुसरा मरेचा, लेमोनेडवाला. या खेपेला कमी सांडलं. तिसरा आणताना मोकळ्या जागेत, मघाशी त्यांनीच सांडलेल्या बिअरवर बाईंचा पाय घसरला. लायल अर्धा उठला. मरेने टेबलाखालून आपला बूट लायलच्या पायावर ठेवला आणि दाबला. लायल खाली बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले. बाई हेलकावल्या, पूल टेबलाला कुल्ला टेकवून थांबल्या, श्वास घेतला. ग्लास सरळच होता. तो माझा ग्लास. माझ्यापुढे ठेवताना त्यांच्या कपाळावरचा घाम टेबलावर पडला, आणि मला रुमाल काढावासा वाटला, आणि मी हात मांडीखाली घालून बसलो.

शेवटचा त्यांचा स्वतःचा. तो टेबलावर टेकला तेव्हा पूल खेळणाऱ्यांपैकी एक टाळ्या वाजवायला लागला. बाईंनी मानही न वळवता विचारलं की सर्कस गावात कधी आली. टाळ्या थांबल्या.

त्या बसल्या. आम्ही ग्लास उचलले. मला भीती वाटत होती की आता लायल काहीतरी चांगलं बोलणार, त्याचे डोळे तसे झाले होते, आणि तो बोलला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

मरेने मोठा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास खाली ठेवला.

"गरम झालीय," तो म्हणाला. "बाळाला आंघोळ घालता येईल."

बाईंनी मरेकडे बघितलं, सावकाश.

"लेमोनेड आहे ते," त्या म्हणाल्या. "बाळासाठीच आणलंय."

"आणि माझा अर्धा कुठे गेला?" लायल म्हणाला. त्याचा आवाज अजून ठिकाणावर नव्हता, पण तक्रार खरी होती.

"लादीवर आहे. चाट."

मग मरेने त्यांच्या सात पिढ्यांचं ड्रायव्हिंग काढलं. बाईंनी मरेच्या सातूचं, ट्रॅक्टरचं आणि हनीमूनचं काढलं. डीनने नळ सोडला, पूलचे चेंडू आपटायला लागले. मी गरम बिअर पीत होतो, आणि खरं सांगतो, चव वाईटच होती. हल्लीही वाईटच असते. बाईंची फेरी आली की आम्ही लघवीला जाऊन येतो, मरे क्रिकेटचा स्कोअर बघून येतो, परत येतो तरी बाई दुसऱ्या ग्लासवर असतात. याबद्दल आम्ही त्यांना मोकळेपणाने शिव्या देतो.

नाताळात जोडी आली, वसाहतीची रंगीत माहितीपत्रकं घेऊन. गुरुवारी आईबरोबर बारमध्ये आली, आमच्या टेबलाशी पाचवी खुर्ची ओढून बसली आणि आईला उठून काठी खुर्चीला अडकवताना बघितल्याबरोबर ताडकन उभी राहिली.

"बस गं," लायल म्हणाला. "तिची फेरी आहे."

जोडी म्हणाली की आई पडेल. मरे म्हणाला, पडेल कदाचित, पण मग बिअरही पडेल, म्हणून ती पडत नाही. जोडीला हे अजिबात पटलं नाही. ती खुर्चीच्या कडेवर बसली, दोन्ही हातांनी टेबल धरून. त्या दिवशी बाईंनी पाच खेपा केल्या. पाचवा ग्लास मुलीपुढे ठेवला आणि बसल्या.

"मी एकच पिणार आहे हं," जोडी म्हणाली.

"प्यायलीस की फेरीत आलीस," बाई म्हणाल्या. "पुढची तुझी. आणि ट्रे मिळत नाही."

जोडी उठली. दोन्ही हात धड असलेल्या त्या मुलीने पाच ग्लास एका खेपेत आणायचा घाट घातला आणि पूल टेबलापाशी दोन लादीवर सोडून दिले. मरे त्यावर काय बोलला ते मी इथे लिहीत नाही, पण ग्लेनिसबाई इतक्या हसल्या की त्यांना धरायला लागलं, आणि त्या वेळी मात्र त्यांनी धरू दिलं.